रामवाडीचा रस्ता आणि ठेकेदाराची वही

पेणजवळच्या रामवाडीवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचे दैन्य कोकणच्या माणसाला नव्याने सांगण्याची गरज नाही. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण 2011 साली सुरू झाले. ते तीन वर्षांत पुरे व्हावयाचे होते. प्रत्यक्षात पेणचे गणपती दशकभर खड्ड्यांतून मुंबईला गेले. भूसंपादनाची दिरंगाई आणि कर्नाळा अभयारण्यातील परवानग्या ही कारणे खोटी नव्हती. पण आणखी एक कारण होते, ते ठेकेदाराच्या पैशाचे. त्याची चर्चा व्हावी तितकी झाली नाही.

बांधकामाच्या धंद्यात खर्च आधी होतो आणि पैसा मागून येतो. डांबर, खडी, डिझेल आणि मजुरी यांना रोख लागते. देयक मात्र मोजमाप होऊन, सह्या होऊन, कपाती वजा होऊन हाती पडते. मधली खिंड कर्जाने भरावी लागते. मग एका कामाची आगाऊ उचल दुसऱ्या कामाच्या देण्यात जाते, तिसऱ्याचे देयक पहिल्याच्या व्याजात बुडते. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीत तर रस्ताच उद्याच्या टोलच्या भरवशावर काढलेल्या कर्जावर उभा राहतो. कर्जाचा ओघ आटला की यंत्रे थांबतात.

अशा वेळी वहीतील देणेकऱ्यांची रांग पाहण्यासारखी असते. बँकेपाशी तारण असते, पुरवठादार माल रोखू शकतो. मुकादमाच्या उचलीत अडकलेल्या परगावच्या मजुरापाशी काहीच नसते. म्हणून तो रांगेत शेवटी उभा राहतो. कंपनीचे आर्थिक व्यवस्थापन म्हणून जे गौरविले जाते, ते पुष्कळदा या बिनव्याजी, बिनतारणी धनकोच्या जिवावर चालते. हा धनको म्हणजे मजूर.

ठेकेदार तेवढा खलनायक आणि शासन निर्दोष, असेही नाही. 2025 साली थकीत देयकांसाठी ठेकेदारांच्या संघटनांनाच राज्यात आंदोलने करावी लागली. जे शासन तिजोरी न पाहता कामांची उद्घाटने करते, तेच या दुष्टचक्राचा आरंभ करते. उलट, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील पूल कोसळून एस.टी.च्या दोन गाड्या वाहून गेल्या, तेव्हा त्याच महामार्गावर नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. अभियंते याच देशातले होते, मजूरही याच देशातले. फरक होता तो निधीची हमी आणि निर्णयाची निकड यांचा. त्यासाठी माणसे मरावी लागली, ही आपली लाज आहे.

दुसरा मार्ग नाही काय? याच महामार्गाच्या केरळातील टोकाकडे पाहावे. तेथील तलपाडी-चेंगळा टप्प्याच्या सहापदरीकरणाचे काम ‘उरालुंगल’ या मजूर सहकारी संस्थेने घेतले. 1925 साली स्थापन झालेली ही संस्था मजुरांच्याच मालकीची आहे. तेथे वही मजुरांनी निवडलेल्या संचालकांच्या हाती असते. आपल्याकडेही मजूर सहकारी संस्था कागदोपत्री विपुल आहेत. पण त्यांतील कितीतरींच्या पाटीवर मजूर आणि गादीवर ठेकेदार आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक सार्वजनिक कामाचा पैसा स्वतंत्र खात्यात राहावा, तो दुसरीकडे वळविता येऊ नये. त्या खात्यावर पहिला हक्क मजुरीचा असावा. निधीची तरतूद असल्याखेरीज कार्यारंभाचा आदेश निघू नये, आणि देयक मुदतीत न दिल्यास शासनाने व्याज भरावे. मोजमापाची नोंद व दिलेली रक्कम गावच्या ग्रामपंचायतीत फलकावर लागावी.

सार्वजनिक पैशाने चालणारी वही ही ठेकेदाराची खासगी बाब नव्हे. रामवाडीच्या थांब्यावर एस.टी.ची वाट पाहणाऱ्याला ती वाचण्याचा अधिकार आहे, आणि ज्याच्या घामाने रस्ता होतो त्याचे नाव तीत पहिल्या ओळीवर असले पाहिजे.