अध्यक्षपदाची खुर्ची आणि मैदानाची धूळ

क्रीडासंस्थेचे अध्यक्षपद कोणाकडे असावे, हा प्रश्न आपणा कोल्हापूरकरांस परका नाही. येथील फुटबॉल पेठापेठांतील तालमींनी वाढविला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल ही नावे उच्चारताच शाहू स्टेडियमवरील गर्जना कानी येऊ लागते. १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनला राजघराण्याचा आश्रय लाभला, आणि आश्रयदात्यावाचून खेळ तगत नाही, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. परंतु आश्रय देणे निराळे व कारभार चालविणे निराळे. कारभाराच्या खुर्चीवर, आमच्या मते, ज्याने स्वतः मैदानाची धूळ खाल्ली आहे असाच मनुष्य बसावा. मग तो फार मोठा खेळाडू नसला तरी चालेल.

किंबहुना नसलेलाच बरा, असे कधी कधी वाटते! इंग्लंडातील जिमी हिल हा ब्रेंटफर्ड व फुलहॅम या संघांकडून खेळला. राष्ट्रीय संघात त्याची वर्णी कधीच लागली नाही. पण खेळाडूंस आठवड्याला वीस पौंडांहून अधिक वेतन देऊ नये, हा जाचक नियम १९६१ मध्ये मोडला गेला, तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष या नात्याने त्याने दिलेल्या लढ्यामुळे. पुढे १९८७ मध्ये फुलहॅमचा संघ शेजारच्या संघात विलीन करून त्याचे मैदान इमारतींसाठी मोकळे करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा हाच जुना खेळाडू अध्यक्ष झाला व संघ वाचला.

महाराष्ट्रात याच जातीचे उदाहरण क्रिकेटमध्ये सापडते. १९२१ साली नाशिक येथे जन्मलेले माधव मंत्री अवघे चार कसोटी सामने खेळले. १९५२ च्या लीड्स कसोटीत, दुसऱ्या डावात, एकही धाव होण्यापूर्वी भारताचे चार गडी बाद झाले. त्यांत ट्रूमनने त्रिफळा उडविलेले मंत्री एक होते. असा दिवस ज्याने भोगला, त्याला अपयशी खेळाडूच्या मनाची अवस्था कोणी समजावून सांगावी लागत नाही. याच गृहस्थांनी मुंबईस तीनदा रणजी करंडक मिळवून दिला. लहानग्या सुनील गावसकरांनी मामांच्या संग्रहातील भारतीय संघाचा एक स्वेटर मागितला, तेव्हा तो घाम गाळून मिळवावा लागतो, असे सांगून मामांनी साफ नकार दिला. भाच्यासही फुकट न देणारा हा मनुष्य पुढे १९९० च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघाचा व्यवस्थापक आणि मुंबई क्रिकेट संघटनेचा अध्यक्ष झाला.

त्यानंतर काय घडले? १९९२ मध्ये मनोहर जोशी अध्यक्ष झाले. २००१ च्या निवडणुकीत अजित वाडेकर शरद पवारांकडून पराभूत झाले, आणि २०११ मध्ये दिलीप वेंगसरकरांना विलासराव देशमुखांनी हरविले. वाडेकर म्हणजे १९७१ साली वेस्ट इंडीज व इंग्लंड येथे विजय मिळविणारा कर्णधार. त्याहून अधिक योग्यता ती कोणती? राजकीय पुढाऱ्यांनी काही केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०११ च्या विश्वचषकापूर्वी वानखेडे मैदानाची पुनर्बांधणी झाली ती पवारांच्याच कारकीर्दीत, आणि असली कामे वजनदार माणसाच्या शब्दाने लवकर होतात. आमचा रोष पुढाऱ्यांवर नाहीच. या निवडणुकांत मत देणारे बहुतांशी क्लबांचेच प्रतिनिधी होते. त्यांनीच खेळाडूस बाजूस सारले, हे शल्य अधिक.

गडमुडशिंगीतील असो वा शहरातील असो, आज शाळेच्या मैदानावर चेंडूमागे धावणारा विद्यार्थी उद्या एखाद्या तालमीचा सभासद होईल व मत देईल. त्याच्या मंडळात मोठी देणगी देणारे सद्‌गृहस्थ असतीलच, आणि गुडघा दुखावल्यामुळे तिशीतच खेळ सोडलेला एखादा बचावपटूही असेल. पहिल्याचा अंतिम सामन्याच्या दिवशी हार घालून सत्कार करावा. संघनिवडीच्या व हिशेबाच्या बैठकीत मात्र खुर्ची दुसऱ्याला द्यावी.