‘घेतील जुळवून आपलं आपण’

घरात एक मांजर वर्षानुवर्षं नांदत असताना दुसरं पिल्लू आणायचं झालं तर काय करावं, याचा निकाल एका गृहस्थांनी एका दिवाळी अंकात लावून टाकला आहे. पिल्लू आणा, दिवाणखान्यात सोडा आणि खुशाल झोपायला जा. सकाळपर्यंत दोघं आपलं आपण जुळवून घेतात. पुरावे असे: त्यांच्या आजोळच्या वाड्यात डझनभर मांजरं होती आणि त्यांची ओळख कुणी करून दिली नव्हती, पिल्लू दिसलं की मोठ्या मांजराला माया सुटते, जनावराचं जनावराला कळतं, वेगळी खोली, वासाची फडकी ही सगळी साहेबी थेरं. शेवटी निसर्गावर विश्वास ठेवण्याचा उपदेश. निसर्गावर एवढा विश्वास असलेले हे गृहस्थ चौथ्या मजल्यावर खिडक्यांना जाळ्या ठोकून राहतात, हेही त्याच लेखात त्यांनीच सांगितलं आहे.

आधी वाड्याचं बघू. वाडा हाताशी असला की मराठी माणसाला काहीही सिद्ध करता येतं. वाड्यात पोरं आपोआप वाढायची, लोणची कधी नासायची नाहीत आणि आता कळतं की मांजरंही गुण्यागोविंदाने राहायची. वाड्यात मांजरं होती, कबूल. पण कुठे होती? एक माळ्यावर, एक जळणाच्या खोलीत, एक उतरंडीच्या मागे, एक शेजाऱ्यांच्या कौलांवर. दिंडी दिवसभर सताड उघडी, परसदारही उघडं. नवं मांजर आलं, जुनं अंगावर धावून गेलं, की नवं कौलांवरून पलीकडच्या आळीत पसार. ते पुन्हा दिसलं नाही म्हणून कुणाचं जेवण अडलं नाही. जी उरली ती ‘जुळवून घेतलेली’! हरलेली मांजरं लेखकमहाशयांच्या आठवणीत नाहीत, कारण ती वाड्यात राहिलीच नाहीत.

उरलेली तरी कोण? बहुतेक एकमेकींच्या मायलेकी, बहिणी, मावश्या. आयतं खाणं मुबलक मिळतं तिथे मांजरांचा जमाव जमतो. मासळीबाजारात जाऊन बघा. पण त्या जमावाचा कणा म्हणजे नात्यातल्या माद्या. परक्या मांजराला तिथेही पायघड्या घातल्या जात नाहीत. आणि वाड्यातली संख्या फारच वाढली की गोणी निघायची. पिल्लं गोणीत, गोणी सायकलच्या कॅरिअरला आणि सायकल नदीपलीकडे. ते जुळवून घेणं कुणाचं होतं म्हणे?

    

तर आता फ्लॅट. साडेपाचशे चौरस फूट, सेफ्टी डोअर बंद, खिडक्यांना जाळ्या. इथे हरलेल्याने जायचं कुठे? अशा एका घरी मी गेलो होतो. ‘भांडण अजिबात नाही हो, शांत असतात दोघं,’ बाई कौतुकाने सांगत होत्या. थोरला बोका पॅसेजच्या तोंडाशी बसला होता. पंजे पोटाखाली, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. पिल्लू सोफ्याखालून निघून पॅसेजकडे वळलं. बोका फिस्कारला नाही, जागचा उठलाही नाही. मान वळवून त्याने फक्त पाहिलं. पिल्लू जागीच जमिनीला चिकटलं, कान आडवे झाले आणि उलट पावली सोफ्याखाली गेलं. मातीचा ट्रे पॅसेजच्या टोकाला, न्हाणीघरात होता. चहा होईतो बाई दुसऱ्याच विषयावर आल्या: पिल्लाला काही वळण नाही, गादीवर मुततं! आमचे लेखकमहाशय ज्याला ‘जुळलं’ म्हणतात ते बहुतेक वेळा हे असतं. एकाने नाकेबंदी केलेली असते आणि दुसऱ्याने मुकाट सोसायचं ठरवलेलं असतं.

बाकीचे मुद्दे झटपट उरकू. माया सुटते ती पिल्लांना पाजणाऱ्या मांजरीला, कधीकधी परक्या पिल्लाचीही. आठ वर्षं एकट्याने घर राखलेल्या, नसबंदी झालेल्या बोक्याकडून वात्सल्य मागणं म्हणजे अतीच झालं. मांजर हजारो वर्षं आपल्यात राहतंय, हेही खरं. सायप्रस बेटावर माणसाच्या थडग्याशेजारी, जेमतेम ४० सेंटिमीटरवर पुरलेलं सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं मांजर सापडलं, ते संशोधन २००४ साली प्रसिद्ध झालं. पण त्यावरून जवळीक दिसते ती माणसाशी. मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर, एकट्याने शिकार करणारं, आपला इलाका राखणारं. आणि भाऊबंदकीचे दावे तीन पिढ्या चालवणाऱ्या आपण मांजरांकडून एका रात्रीत समेट मागावा? साहेबी थेरं म्हणाल, तर तुमच्या मांजराचं पाकिटातलं खाणं कुठल्या आजीने पाखडलं होतं?

रोगराईचा तर लेखात उल्लेखही नाही. रस्त्यावरून उचललेलं पिल्लू पहिल्या दिवशी टुणटुणीत दिसतं आणि आठवड्याच्या आत पॅनल्युकोपेनिया या विषाणूजन्य रोगाने मान टाकतं, तोवर विषाणू घरभर झालेला असतो. गजकर्ण तर मांजरांपुरतं थांबतही नाही, घरातल्या पोरांच्या अंगावर उठतं.

मग करावं काय? फार काही नाही. पिल्लाला एक बंद खोली द्यावी. त्यात त्याचा ट्रे, पाणी, खाणं आणि लपायला एखादं खोकं. डॉक्टरांकडून तपासणी आणि जंताचं औषध. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, पुढचे डोस त्यांच्या सांगण्याप्रमाणे. मांजर ओळख ठेवतं ती नाकाने, म्हणून ओळखही आधी वासाचीच करून द्यावी. गालाशी, हनुवटीखाली, पंजांत त्याच्या गंधग्रंथी असतात. पिल्लाच्या गालावरून फिरवलेला जुना पंचा थोरल्याच्या ताटलीजवळ ठेवावा, थोरल्याचा पिल्लाकडे. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांचं जेवण. थोरला फिस्कारला तर त्याला रागावू नये, ताटली थोडी लांब सरकवावी. पुढे दाराची फट, मग जाळी, मग समोरासमोर थोडा वेळ. ट्रे मांजरं असतील तितके आणि वर एक, तेही वेगवेगळ्या जागी. थोरल्याने अन्न टाकलं तर डॉक्टरांना विचारावं. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय आणि लघवीचा थेंब पडत नाही असं दिसलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा.

एवढं करूनही दोघं एका उशीवर झोपतील याची हमी मी देत नाही. पुष्कळ मांजरं जन्मभर एकमेकांना अंतरावरच ठेवतात. दोघांना निर्धास्तपणे खाता, झोपता आणि ट्रेपर्यंत जाता आलं, की माणसाचं काम झालं. त्याला पंधरवडा लागेल, कधी दोन-तीन महिनेही लागतील. तेवढे दिवस एक दार बंद ठेवणं ज्याच्या जिवावर येतं, त्याने निसर्गाला साक्षीला बोलावू नये आणि दुसरं मांजर तर मुळीच आणू नये.