आधी ग्रंथ की आधी मंडळी?

शेळगावच्या मॅट्रिक मास्तराने ख्रिस्ती धर्मसभेच्या वादात पडू नये, असे माझे एक विद्वान स्नेही सांगतात. मी पडणार आहे. कारण हा वाद केवळ त्यांचा नाही.

एक पक्ष म्हणतो, शास्त्र हातात आहे, मग मधली शतके हवीत कशाला? त्यांना मी विचारतो, हे शास्त्र तुमच्या हाती दिले कोणी? पौलाने पत्रे लिहिली ती मंडळ्यांना. म्हणजे मंडळ्या आधीच होत्या. ३०३ साली रोमन बादशहाने हे ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला, तेव्हा ते लपवून जपले ते माणसांनीच. नव्या कराराच्या आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी प्रथम दिसते ती अथनासियसच्या ३६७ सालच्या पत्रात.

दुसरा पक्ष म्हणतो, यादी आम्ही केली, तेव्हा अर्थही आमचाच. हे त्याहून वाईट. पायली ज्याने घडवली त्याला उणे माप घालण्याची मुभा मिळते काय? त्यानेही त्याच पायलीने मोजून दिले पाहिजे.

पंडिता रमाबाईंनी हे ओळखले होते. मराठी नवा करार १८११ पासून छापलेला होता. पण छापलेले निराळे आणि कळलेले निराळे. आमच्याच जिल्ह्यातल्या केडगावी बसून त्यांनी हिब्रू-ग्रीकचा अभ्यास केला आणि खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवले. छपाईला हात लागले ते मुक्तिसदनातल्या बायकांचे. १९२२ साली रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ साली निघाला. समाजाने टाकलेल्यांच्या हातून शास्त्र पुढे गेले. परंपरा म्हणतात ती हीच!

आपले तरी वेगळे काय आहे? ज्ञानेश्वरी लोकांनी जपली, आणि नकलता नकलता लोकांनीच बिघडवली. नाथांनी १५८४ साली ती शुद्ध केली. परंपरेला ग्रंथापुढे उभे करून जाब विचारला. तुकोबांची पालखी दरसाल इंदापुरास येते. ती चालते म्हणून अभंग जिवंत आहेत. पण खांदा देणारा अभंगाला जाब देईनासा झाला, तर उरेल ती नुसती चांदी.

लहानपणी पोथीचा अर्थ विचारला म्हणून मला मंडपातून उठवले होते. ते मी विसरलेलो नाही. म्हणून सांगतो, देऊळ असो वा देवळी क्रूस असो, जिथे सर्वांत अडाणी बाईला ‘हे असे का लिहिले आहे?’ एवढे विचारता येत नाही, तिथली परंपरा कितीही शतकांची असो, ती तुटलेली आहे.