कुरकुरणारे यंत्र आणि दुरुस्तीचा हक्क

यंत्र बिघडण्यापूर्वी बहुधा आवाज करते. पिठाची गिरणी, विहिरीवरचा पंप, एस.टी.चे इंजिन यांच्या बाबतीत ही गोष्ट खेड्यातील माणसालाही ठाऊक असते आणि आवाजावरून दुखणे ओळखणारा मिस्त्री प्रत्येक बाजारगावी सापडतो. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र हे शहाणपण एकाएकी निरुपयोगी ठरविले जाते. पाच-सात वर्षांचे यंत्र कुरकुरू लागले की 'आता नवे घ्या' असा सल्ला मिळतो. या सल्ल्याची किंमत कोण मोजतो आणि त्यात लाभ कोणाचा होतो, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. तो अर्थकारणाचा आहे.

प्रथम आवाजाचाच विचार करू. त्याचा माग काढण्याची रीत एकेक संशयित बाजूला करीत जाण्याची आहे. ध्वनी पूर्ण बंद केल्यावर आवाज थांबला तर दोष स्पीकरचा. न थांबल्यास कागदाची नळी करून तिचे एक टोक कानाला व दुसरे यंत्राच्या निरनिराळ्या भागांवर धरावे. यंत्र तापल्यावर किंवा कामाचा भार वाढल्यावर घरघर वाढत असेल, तर ती बहुधा पंख्याची असते. पात्यांत धूळ साचलेली असते किंवा बेअरिंग झिजलेले असते. ठरावीक अंतराने 'टक् टक्' असा आवाज येत असेल, तर संशय हार्ड डिस्कवर घ्यावा. तिच्या तबकड्या मिनिटाला बहुधा ५४०० फेरे घेतात आणि वाचणारे टोक जागा शोधताना पुन:पुन्हा मागे येऊ लागले की असा आवाज निघतो. अशा वेळी दुरुस्तीचा विचार नंतर. आधी आतील सर्व मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा. तिसरा प्रकार बारीक शिटीसारखा असतो. चार्जर लावता-काढता किंवा कामाचा भार बदलता तो कमी-अधिक होतो. विद्युत्प्रवाहामुळे तारेची वेटोळी सूक्ष्म थरथरतात, त्याचा हा नाद. तो कानाला त्रासदायक असला तरी सहसा निरुपद्रवी असतो. म्हणजे तीन आवाजांपैकी एक साफसफाईने किंवा पंखा बदलून जातो, दुसरा एक सुटा भाग बदलून जातो आणि तिसऱ्यासाठी बहुधा काहीच करावे लागत नाही. या तिन्हींत संपूर्ण यंत्र टाकून देण्याचे कारण कोठेही नाही.

चंद्रपूरच्या बाबतीत पंख्याचा संशय अधिक बळकट ठरतो. कोळशाच्या खाणी, त्यांची अखंड वाहतूक आणि २९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र यांनी वेढलेल्या या शहराला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात ८३.८८ गुण मिळाले होते आणि त्याची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत झाली होती. जी भुकटी व राख माणसाच्या फुप्फुसात जाते, तीच यंत्राच्या झरोक्यातूनही आत शिरते. उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या बारीक पट्ट्यांवर तिचा थर बसतो आणि पंख्याला अधिक वेगाने फिरावे लागते. त्यात येथील उन्हाळ्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. वस्तुत: पंख्याची घरघर ही परिसराचीच तक्रार असते. मऊ ब्रशने ती धूळ काढणे हे अर्ध्या तासाचे काम आहे.

पण हे अर्ध्या तासाचे काम करणार कोण आणि कोठे? १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वनाखाली आहे. सिरोंचाहून जिल्ह्याच्या ठिकाणी येण्यास सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राचा शोध घेत तेथील विद्यार्थी नागपूरपर्यंत गेला, तर जाण्यायेण्यात दोन दिवस आणि मजुरीच्या दिवसांचे पैसे गेलेच. गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरात शिकणाऱ्या किंवा वनहक्काचे दावे आणि बांबूचे हिशेब सांभाळणाऱ्या तरुणांच्या हाती बहुधा दुसऱ्याने वापरून दिलेले यंत्रच येते. ते बंद पडणे म्हणजे त्यांच्यापुरते सारे कार्यालयच बंद पडणे होय.

तालुक्याचा मिस्त्री हे काम शिकू शकत नाही असे नाही. त्याला शिकू दिले जात नाही. नेहमीच्या पान्याने न निघणारे स्क्रू, गोंदाने चिकटविलेली बॅटरी, मुख्य पाटावर कायम जोडलेली मेमरी, दुरुस्तीच्या पुस्तिकेवरची गुप्तता आणि सुट्या भागांची टंचाई अशा भिंती त्याच्यापुढे उभ्या केल्या जातात. ही नीती नवी नाही. १९२४ साली जगातील प्रमुख दिवे-उत्पादकांनी 'फीबस' नावाचा संघ उभारून विजेच्या दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणले आणि त्याहून अधिक टिकणारे दिवे बनविणाऱ्या सदस्यांना दंड केला. ग्राहकाने वस्तू पुन:पुन्हा विकत घ्यावी यासाठी ती मुद्दाम अल्पायुषी करणे, हा बाजाराचा जुनाच व्यवहार आहे. विकत घेतलेली वस्तू उघडण्याचाही अधिकार ज्याला नाही, तो तिचा मालक नव्हे. तो केवळ भाडेकरू ठरतो.

बॅटरी धोकादायक असते, अडाणी हातांनी अपघात होतील, असा युक्तिवाद उत्पादक करतात. त्यात तथ्य आहे. फुगलेली बॅटरी कोणीही टोचू वा दाबू नये. परंतु धोक्यावरचा उपाय शिक्षण हा आहे, अज्ञान हा नव्हे. पुस्तिका लपविल्याने दुरुस्ती थांबत नाही. ती अधिक धोक्याची मात्र होते.

शासनाने पावले टाकली, पण ती अडखळती आहेत. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी २०२४ मध्ये दुसरी समिती झाली. तिचा भर मोबाईल व टॅब्लेटवर राहिला. फ्रान्सने मात्र जानेवारी २०२१ पासून असा निर्देशांक बंधनकारक केला, तेव्हा पहिल्या पाच वस्तूंतच लॅपटॉपला स्थान दिले. आपल्याकडे नव्या लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे आणि दुरुस्तीच्या सेवेवरही तितकाच. टिकवणे आणि टाकणे यांत करव्यवस्थेला भेद दिसत नाही. दुसरीकडे, २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद झाली. उरलेल्याचा मोठा वाटा गरीब वस्त्यांतील माणसेच फोडतात आणि जाळतात.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. दुरुस्तीची पुस्तिका व सुटे भाग वाजवी दरात उपलब्ध करून देणे उत्पादकांवर कायद्याने बंधनकारक करावे. निर्देशांकात लॅपटॉपचा समावेश व्हावा. दुरुस्तीवरील कर कमी व्हावा. या दोन जिल्ह्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सर्वांसाठी खुले दुरुस्ती-मेज असावे आणि तेथे शिकलेल्या मुलांना तालुक्याच्या ठिकाणी दुकान थाटण्यास पतपुरवठा मिळावा.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. गावातील चार जुनी यंत्रे एकत्र आणून, ती बंद करून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली त्यांची धूळ काढणे हे कार्यकर्त्यांना एका रविवारी करता येण्याजोगे काम आहे. एका यंत्राचा पंखा दुसऱ्यात बसला आणि एखादीचा अभ्यास पुन्हा सुरू झाला, तर दुरुस्तीचा हक्क म्हणजे काय हे गावाला भाषणाशिवाय कळेल. आणि जे कळले, त्यासाठी लढायलाही गाव तयार होईल.