तारण पंगतीत तपासा

'तुझं तारण झालंय का?' हा प्रश्न मला सभेच्या मांडवात, एस.टी. स्टँडवर, मयताच्या घरी सगळीकडं विचारला गेलाय. विचारणारा दर वेळी इस्त्रीच्या शर्टातला, हातात काळ्या जिल्दीचं पुस्तक. मी काही बोलायच्या आत त्याचं ठरलेलं सुरू होतं. पाप कबूल कर. प्रभूला हृदयात घे. आत्मा स्वर्गात जाईल. आणि मग आध्यात्मिक वाढ कर. वाढ म्हंजे काय, तर तंबाखू सोड, सिनेमा सोड, रोज एक अध्याय वाच, दशांश टाक, संजीवन सभेला ये. संपलं.

म्हणजे तारण झालं ते आत्म्याचं, आणि वाढला तोही आत्माच. मग अंग कुठं गेलं? आत्मा ज्या अंगात राहतो ते अंग गावकुसाबाहेर राहतं. त्या अंगाला पाणी वरून ओततात. त्या अंगाला मेल्यावर जागा मिळत नाही. ह्या अंगाचं काय, असं विचारलं की पाळकसाहेब मान तिरकी करून म्हणतात, 'ह्या जगातल्या गोष्टी सोड, वरच्या गोष्टींचा विचार कर.' वरच्या गोष्टींचा विचार आमच्या बापजाद्यांनी दोन हजार वर्षं केला. वरच्यांनी तो करायलाच लावला.

मी ख्रिस्ती आहे. नगर जिल्ह्यातला, चौथ्या पिढीचा. पणजा १८९९-१९०० च्या दुष्काळात बाटला. तारण नाकारायला मी लिहीत नाही. तारण आमच्याच घरातून चोरीला गेलंय, ते परत मागायला लिहितोय.

आधी शब्दच घ्या. नव्या करारात तारणासाठी जो ग्रीक शब्द आहे, 'सोझो', तोच शब्द आजारी माणूस बरा झाला तेव्हाही वापरलाय. बारा वर्षं रक्तस्रावानं पिचलेली बाई गर्दीत येशूच्या वस्त्राला शिवते. तिच्या शिवण्यानं विटाळ होतो असा तिथला नियम. येशू तिला शिवलीस का म्हणून हाकलत नाही, मुली म्हणतो, आणि तुझ्या विश्वासानं तुझं तारण झालं असं सांगतो. मराठी पुस्तकात तिथं 'बरं केलं' असं छापतात. दोन्ही खरंच आहे. रक्त थांबलं, विटाळ फिटला, आणि बाई माणसात आली. ह्या तिन्हीला मिळून एक शब्द. आत्मा वेगळा काढून त्याचं पार्सल वर पाठवायची भानगड त्यात नाही.

जुन्या करारातलं पहिलं मोठं तारण कुठलं? विटा थापणाऱ्या वेठबिगारांची सुटका. फारोच्या मुकादमांनी गवत बंद केलं, पण विटांचा आकडा कमी केला नाही. देवानं त्यांना 'तुमचा आत्मा सांभाळा' असा निरोप पाठवला नाही. त्यानं त्यांना तिथून बाहेर काढलं.

आणि जक्कय? जकातदार, लुटारू. येशू त्याच्या घरी जेवायला जातो. हा उठून म्हणतो, अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देतो, ज्याला नाडलं त्याला चौपट परत करतो. तेव्हा येशू म्हणाला की आज ह्या घरात तारण आलं. हिशेबाची वही उघडल्यावर म्हणाला, हे ध्यानात ठेवा.

मग आत्मा अंगापासून कुणी तोडला? ज्यांना अंग कामाला हवं होतं त्यांनी. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या गोऱ्यांना १६६७ साली पेच पडला. गुलामाला बाप्तिस्मा दिला तर तो मोकळा होतो का? त्यांनी कायदा केला : बाप्तिस्म्यानं गुलामाच्या गुलामीत फरक पडत नाही. झालं. आत्मा प्रभूचा, अंग मालकाचं. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडिजच्या गुलामांसाठी खास बायबल छापलं. त्यातून मोशेनं लोकांना सोडवून नेल्याची गोष्टच कापली. पुस्तकात काय आहे हे मालकाला नीट कळलं होतं. आमच्या पाळकांना अजून कळायचंय.

आपल्याकडं कातर चालवायची गरज पडली नाही. १६०६ साली रॉबर्ट दे नोबिली मदुरेला आला, ब्राह्मणांसारखा राहिला. त्याच्या बाजूनं १६२३ साली पोपनं हुकूम काढला की बाटलेल्या ब्राह्मणानं जानवं आणि शेंडी ठेवली तरी चालेल. पुढं वरच्या जातींसाठी वेगळे मिशनरी, खालच्यांसाठी वेगळे. तमिळनाडूत वडक्कनकुलमच्या चर्चमध्ये जातींना वेगळं करणारी भिंतच होती. ती १९१० च्या सुमारास पडली. एका छपराखाली, एका क्रुसासमोर भिंत! दोन्ही बाजूच्यांचं तारण मात्र झालेलं.

महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशन १८१३ ला मुंबईत आलं, १८३१ ला अहमदनगरला पोचलं. आता त्या नगराला अहिल्यानगर म्हणतात. मंडळ्या भरल्या त्या महारांनी आणि मांगांनी. पण इतिहास काढून बघा. बामण बाटला की नाव लागतं, महार बाटला की आकडा लागतो. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला झाला, पंडिता रमाबाईंचा १८८३ ला, हे शब्बाथ शाळेतल्या पोराला पाठ. त्यांची थोरवी मी कमी करत नाही. पण माझ्या पणज्याचं साल कुणाला पाठ आहे? तो कुठल्यातरी अहवालात 'ह्या वर्षी इतके' ह्या इतक्यांत पडून आहे. वर त्याला टोमणा की तो भाकरीसाठी बाटला. अहो, भाकरीसाठीच बाटला! उपाशी माणसानं भाकर देणाऱ्या हाताला देवाचा हात म्हटलं, त्यात लाज कसली? ज्यानं पाच भाकरींत पाच हजार जेवू घातले त्यानं आधी विश्वासाची परीक्षा घेतली नव्हती.

आता शहाणे बंधू हमखास उठतात आणि म्हणतात, 'तारण कृपेनं होतं, कर्मानं नाही. तुम्ही समाजकार्य त्यात घुसडता.' हे त्यांचं हुकमी पान. ह्याच पानावर मी बोलणार आहे.

विश्वासानं नीतिमान ठरणं, ही शिकवण पौलानं गलतीकरांच्या पत्रात मांडली, ती कशावरून निघाली ठाऊक आहे? पंगतीवरून. अंत्युखियात पेत्र परजातीयांबरोबर एका ताटाला बसून जेवत होता. यरुशलेमेकडचे सोवळे लोक आले. पेत्र घाबरला आणि पंगतीतून उठला. त्याचं बघून बाकीचे यहुदी उठले. बर्णबासुद्धा उठला. तेव्हा पौलानं पेत्राला, होय, खुद्द पेत्राला, सगळ्यांदेखत तोंडावर धरलं. आणि तिथंच, त्याच भांडणात, पुढच्याच वाक्यांत तो सांगतो की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नाही तर ख्रिस्तावरच्या विश्वासानं नीतिमान ठरतो.

कळलं का भावांनो? ज्या वचनाची ढाल करून तुम्ही जातीचा प्रश्न अडवता ते वचन जातीच्या पंगतीवरच जन्मलं. कृपा म्हणजे काय? जन्माचं भांडवल चालत नाही, सोवळ्याचं चालत नाही, कुळाचं चालत नाही. सगळे रिकाम्या हातानं येतात, म्हणून सगळे एका ताटाला बसतात. मग जो म्हणतो माझं तारण कृपेनं झालं आणि लग्न ठरवताना कूळ विचारतो, त्यानं कृपा नाकारली. मी त्याच्याकडं कर्म मागत नाही. त्याला एवढंच विचारतो, बाबा रे, तू कृपेवर विश्वास ठेवतोस का?

आणि हे फक्त बामण ख्रिस्त्यांना नाही. आपल्या चुलीजवळ या. एका मंडळीत (नाव घेत नाही) मांग ख्रिस्ती पोरगा आणि महार ख्रिस्ती पोरगी. दोघं तरुण संघात, दोघं गायनाला. त्यांनी लग्नाचं काढलं. पोरीच्या घरच्यांनी दार लावलं. पाळक मला म्हणाले, 'प्रभूत सगळे एक आहेत, पण समाज ऐकायचा नाही हो.' अहो, समाज म्हंजे कोण? तुमच्याच बाकड्यावर बसलेले, तुमच्याच हातचा प्रभुभोजनाचा घोट घेणारे! पोरगा-पोरगी पुण्याला गेले आणि नोंदणी पद्धतीनं लग्न लावलं. मंडळीनं त्या आठवड्यात पवित्र आत्म्याच्या फळांवर उपदेश ऐकला.

फळं कुठं लागतात, ह्याचंच उत्तर आध्यात्मिक वाढ ह्या शब्दात आहे. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजन असायचं. पैसेवाले आधी येऊन खाऊन पिऊन घ्यायचे, कष्टकरी उशिरा यायचे, उपाशी राहायचे. पौल तिथं चिडून लिहितो की हे प्रभूचं भोजनच नव्हे, शरीर न ओळखता जेवणारा स्वतःवर न्याय ओढवून घेतो. तिथलं शरीर म्हणजे नुसती भाकर नाही, शेजारी उपाशी बसलेला माणूसही. ह्याच मंडळीला तो म्हणतो की तुम्ही अजून तान्ही बाळं, तुम्हाला दूधच पाजावं लागतं. का? भाषा बोलण्यात, भविष्य सांगण्यात ते पुढं होते. पण त्यांच्यात तट होते. म्हणजे कितीही अन्य भाषा बोला, कितीही हात वर करा, तट आहेत तोवर तुम्ही दुधावरच.

बाबासाहेबांनी हे रोग-निदान कधीच करून ठेवलंय. ख्रिस्ती झालेल्याच्या अवस्थेवर त्यांनी लिहिलं, ते महाराष्ट्र शासनानं १९८९ साली पाचव्या खंडात छापलं. त्यांचा मुद्दा असा : अस्पृश्य ख्रिस्ती होतो तेव्हा त्याला सांगतात की तुझी दुर्दशा तुझ्या पापामुळं. समाजाचं नाव नाही. अन्यायाशी झगडायची त्याची धार तिथंच बोथट होते. पूर्वी पूर्वजन्माचं कर्म होतं, आता आदामाचं पाप. शिक्का बदलला, आरोपी तोच. मी पाप मानतो. पण पाप विहिरीवरही असतं, सातबाऱ्यावर असतं, मसणवाट्याच्या कुंपणावर असतं. तिथला पश्चात्ताप कोण करणार?

ह्या आत्म्याच्या तारणाचा सगळ्यात मोठा फायदा सरकारला झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तिसरा परिच्छेद आला : हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा नाही. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. १९८५ ला सर्वोच्च न्यायालयापुढं मद्रासच्या रस्त्याकडेला चपला शिवणाऱ्या सुसाईचा खटला आला. हिंदू चांभारांना सरकारी टपरी फुकट, ह्याला नाही, कारण हा ख्रिस्ती. कातडं तेच, आरी तीच, फूटपाथ तोच. न्यायालय म्हणालं, ख्रिस्ती झाल्यावरही तेवढाच जाच होतो ह्याचा पुरावा पुढं आलेला नाही. आता पुरावा कोण देणार? चर्च म्हणतं आमच्यात जात नाही. सरकार म्हणतं तुमच्यात जात नाही. प्रार्थनेत नाही, कागदावर नाही, फक्त गावात आहे. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ साली तिसरा परिच्छेद काढा म्हणून शिफारस केली. २०२२ साली दुसरा आयोग नेमला. आमची पोरं कागदावर हिंदू महार आणि रविवारी ख्रिस्ती. आणि मग त्याच तोंडानं कुणीतरी ओरडतं की हे सवलतींसाठी बाटतात! च्यायला, सवलत सोडून बाटतो आम्ही.

२०१६ च्या डिसेंबरात कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेनं धोरण काढून मान्य केलं की देशातल्या एक कोटी नव्वद लाख कॅथॉलिकांत एक कोटी वीस लाख दलित आहेत, आणि चर्चमध्ये भेदभाव आहे. चारशे वर्षांनी का होईना, बोलले. आमची मराठी मंडळी कधी बोलणार?

बोलायला वाट नाही असं नाही. रमाबाईंच्या केडगावला १९०५ ला संजीवन झालं, पोरी रात्ररात्र रडून प्रार्थना करत. पण त्याच आवारात छापखाना होता, शेती होती, आंधळ्या मुलींची शाळा होती. गुडघे आणि हात दोन्ही कामाला. टिळकांनी १९१७ ला मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. १९८१ ला अरविंद निर्मळ बंगळूरच्या ईश्वरविज्ञान महाविद्यालयात उभे राहून म्हणाले की शूद्राचं स्वतःचं ईश्वरविज्ञान पाहिजे. तिथून दलित ईश्वरविज्ञानाची वाट सुरू झाली. आपल्या किती पाळकांनी त्यांचं नाव व्यासपीठावरून घेतलंय?

बौद्ध मित्रांनो, तुमची दीक्षा १९५६ ची, तीत बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. आमच्या बाप्तिस्म्यात सैतानाला नाकारायला लावतात, जातीला नाही. मी मागतो ते एवढंच : बाप्तिस्म्याच्या वेळी, पाण्यात उभं असताना, जातीचं नाव घेऊन ती नाकारायला लावा. लग्न लावताना पाळकानं कूळ विचारणाऱ्या घरी जाऊ नये. मंडळीच्या पंचात मांग, महार, बाया सगळे बसावेत. दशांशातला वाटा तिसऱ्या परिच्छेदाच्या लढ्याला जावा. स्मशानातली कुंपणं मंडळीनं आपल्या हातानं उपटावीत. एवढं झालं की मग संजीवन सभा भरवा. मी पहिल्या रांगेत सतरंजी टाकायला येतो.

पेत्र पंगतीतून उठला तेव्हा निदान त्याला तोंडावर धरणारा एक पौल होता. आमच्या पंगतीतून रोज माणसं उठतायत. कुणीतरी उभं राहा रे.