एकदाचे काम आणि कायमचे गिऱ्हाईक

खिडक्यांच्या काचा पुसण्याचा धंदा सुरू करणाऱ्या मुलाला पहिली अडचण येते ती दराची. "दर महिन्याला बोलावतो, भाव कमी कर," असे गिऱ्हाईक म्हणते. तेव्हा काय करावे?

हिशेब तासांचा करावा. समजा, जाणे-येणे धरून तासाला 200 रुपये सुटायला हवेत. वर्षभर हात न लागलेल्या आठ खिडक्यांवर धूळ, रंगाचे शिंतोडे, चौकटीत साचलेली माती असते. पाच तास जातात. 1000 रुपये झाले. त्याच खिडक्या दर महिन्याला पुसल्या तर दोन तास पुरतात. 400 रुपये झाले. ही मेहेरबानी नाही. काम कमी म्हणून पैसे कमी.

पण पहिल्याच दिवशी 400 घेतले आणि पुन्हा बोलावणे आले नाही, तर तीन तासांची मजुरी बुडाली. म्हणून पहिली सफाई पूर्ण दराने, दुसऱ्या महिन्यापासून कमी दराने, आणि मध्ये बराच खंड पडला तर पुन्हा पहिला दर, हे कामाआधीच सांगावे.

ईद-दिवाळीला मोठी कामे मिळतात, तेव्हाही महिन्याच्या घरांची तारीख चुकवू नये. सण सरल्यावर घरखर्च त्या चारशेंवरच चालतो.